रफमधला ऑगस्ट

लंडनच्या सेंट पँक्रसहून रेल्वेने साधारण दीड तासावर, केंट परगण्याच्या पूर्व टोकाला सँडविच हे जुनं बंदर आहे. बंदर म्हणायचं ते आता इतिहासापुरतंच. मध्ययुगात इथून राजाची जहाजं निघत. पुढे वाँट्समची खाडी गाळाने भरत गेली आणि समुद्र गावापासून तीनेक किलोमीटर मागे हटला. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर 1887 मध्ये विल्यम लेडलॉ पर्व्हिस यांनी गोल्फचं मैदान उभं केलं. तेच आजचं रॉयल सेंट जॉर्जेस.

खेळाच्या पानावर या मैदानाचा दबदबा मोठा आहे. गोल्फची ओपन स्पर्धा स्कॉटलंडबाहेर पहिल्यांदा झाली ती इथेच, 1894 मध्ये. 2021 पर्यंत पंधरा वेळा ती इथे भरली. जेम्स बाँडचे जनक इयान फ्लेमिंग या क्लबचे सभासद होते आणि ‘गोल्डफिंगर’मधला गोल्फचा सामना याच मैदानावर बेतलेला आहे. चौथ्या होलवर सुमारे चाळीस फूट उंचीचा एक बंकर आहे, त्याला खेळाडू ‘हिमालय’ म्हणतात. पण ऑगस्टमध्ये इथे जायचं ते वेगळ्याच कारणासाठी. ते कारण म्हणजे रफ.

फेअरवे म्हणजे खेळासाठी बारीक कापलेला गवताचा पट्टा; त्याच्या दोन्ही बाजूंना वाढू दिलेलं उंच गवत म्हणजे रफ. चेंडू तिथे गेला की खेळाडूच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यामुळे तिथे कुणी मुद्दाम पाऊल टाकत नाही, नांगर फिरत नाही, खत पडत नाही. वाळूत शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणून चुना भरपूर आणि कस मात्र नाही. नेमकी अशीच हलकी जमीन रानफुलांना मानवते. कस वाढला की दांडगं गवत माजतं आणि नाजूक झाडं त्याच्याखाली गुदमरतात. इंग्लंड आणि वेल्समधली रानफुलांची कुरणं 1930 च्या दशकापासून सुमारे 97 टक्के नाहीशी झाली, त्यात नांगराइतकाच रासायनिक खताचा हात आहे. सँडविचच्या रफला त्या दोन्हींची झळ पोहोचली नाही.

या रफची राणी म्हणजे लिझर्ड ऑर्किड. ब्रिटनमधली तिची सर्वांत मोठी वसाहत याच टेकड्यांवर आहे. फुलाची खालची पाकळी चांगली लांब आणि पिळदार, सरड्याच्या शेपटीसारखी. वासाला मात्र बोकड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ब्रिटनमधून जवळजवळ संपल्यात जमा होती. नंतर ती हळूहळू पसरू लागली. हवामान बदलल्यामुळे हे घडलं असावं, असं रोनाल्ड गुड या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1936 मध्येच मांडलं होतं. आज इतकं ओळखीचं झालेलं हे विधान तेव्हा एका फुलाच्या अभ्यासातून आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ऑगस्टमध्ये येणाऱ्याला तिचं फूल दिसत नाही. दिसतो तो गुडघाभर उंचीचा, तपकिरी, वाळलेला दांडा. पण जवळ बसून पाहावं. दांड्याला खालपासून वरपर्यंत बोंडं लगडलेली असतात. प्रत्येक बोंडाला उभ्या चिरा पडलेल्या असतात आणि वारा आला की त्यांतून पिवळसर धूळ उडते. ती धूळ म्हणजे बी. त्या बियांना स्वतःची शिदोरी नसते. मातीत योग्य बुरशी भेटली तरच त्या रुजतात. म्हणून हजारोंनी उडाव्या लागतात, तेव्हा एखादी लागते. पुढे शरद ऋतू लागला की जुन्या कंदांना नवी हिरवी पानं फुटतात आणि ती थंडीभर टिकतात.

सगळं अडतं ते कापणीच्या तारखेवर. रफ जुलैत कापलं तर त्या वर्षीचं बी गेलं. कधीच कापलं नाही तर झुडपं माजतात आणि ऑर्किड गेली. बी झडल्यावर कापायचं आणि कापलेलं गवत तिथे कुजू न देता उचलून न्यायचं, ही त्यातली खरी मेख. मैदान राखणाऱ्या माणसाच्या हाती किती असतं, ते इथे कळतं.

म्हणून गोल्फ म्हणजे निसर्गरक्षण, असा अर्थ कुणी काढू नये. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ फोव्हरनच्या सरकत्या टेकड्यांवर नवं मैदान उभारताना वाळू बांधून टाकली गेली. टेकड्यांचं सरकणं हेच तर तिथलं वैशिष्ट्य होतं. 2020 मध्ये त्या जागेचा शास्त्रीय महत्त्वाचा संरक्षित दर्जा काढून घ्यावा लागला.

सँडविचच्या या टेकड्यांवर आणखी एक दुर्मीळ वनस्पती आहे, ‘बेडस्ट्रॉ ब्रूमरेप’. तंबाखूच्या मुळांवर जगणारा बंबाखू आपल्या निपाणी-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. ही त्याच कुळातली, बेडस्ट्रॉ नावाच्या रानवनस्पतीच्या मुळांवर पोसणारी. ब्रिटनमध्ये ती फक्त पूर्व केंटमध्ये सापडते. ऑगस्टपर्यंत तिचेही वाळके दांडेच उरतात, पण किनाऱ्याकडे सी हॉलीचा निळसर काटेरी ताटवा आणि रेस्टहॅरोची गुलाबी फुलं अजून टिकून असतात.

पायवाटेच्या उघड्या वाळूत पिवळी-काळी बीवुल्फ दिसली तर थांबावं. ही एकेकटी राहणारी गांधीलमाशी मधमाशीला नांगी मारून लुळी करते, पोटाशी धरून उडत आणते आणि बिळात पिल्लांसाठी साठवते. तिच्या मिशांमध्ये उपकारक जिवाणू असतात. बिळाच्या कोठडीला ती ते लावून ठेवते आणि त्यातून निघणाऱ्या द्रव्यांनी अळीचं बुरशीपासून रक्षण होतं.

समुद्राकडून ‘किर्रिक’ असा खरखरीत आवाज आला, तर तो सँडविच टर्न. काळ्या चोचीचं टोक पिवळं असलेला हा सुरय पक्षी. जॉन लेथम यांनी 1787 मध्ये त्याला याच गावाचं नाव दिलं. ऑगस्टमध्ये पिल्लं आईबापांच्या मागे अन्न मागत उडत असतात आणि मग त्यांचा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे प्रवास सुरू होतो. हा पक्षी हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येतो, पण ते थवे बहुधा कॅस्पियन समुद्राच्या बाजूचे.

मैदान खासगी असलं तरी त्यातून सार्वजनिक पायवाट जाते. वाट सोडू नये आणि कुणी फटका मारत असेल तर तो मारून होईपर्यंत थांबावं. पक्ष्यांसाठी जवळच, 1952 पासून चालू असलेलं सँडविच बे पक्षी निरीक्षण केंद्र आहे. लिझर्ड ऑर्किड फुललेली पाहायची तर जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला जावं. तिला 1981 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा ऑगस्टमधला वाळका दांडाही आठवण म्हणून तोडून आणू नये.