दिवसभर अडलेली जागा

लेखमाला : रस्ता सगळ्यांचा (लेखांक ६)

गेल्या लेखात पदपथ झाले. या आठवड्यात एक पायरी खाली उतरू आणि पदपथाला लागून असलेल्या जेमतेम अडीच मीटर रुंदीच्या पट्ट्याकडे पाहू. गाडी लावायची ती जागा. मध्यवस्तीतली भांडणं, चलानं, टोइंगच्या टेम्पोमागची धावाधाव आणि महापालिकेच्या सभागृहातला गदारोळ, सगळं या पट्ट्यावरून होतं. इथला नियम बदलायचा म्हटलं की व्यापारी, रहिवासी आणि वाहनचालक तिघंही एकाच वेळी चिडतात. आपण पुण्याच्या पेठांचं उदाहरण घेऊ.

२०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली, शहराच्या अंदाजित लोकसंख्येहूनही जास्त झाली. पेठांमधून जाणारा लक्ष्मी रस्ता मात्र होता तेवढाच राहिला. दुतर्फा सराफी पेढ्या आणि साड्यांची दुकानं, हाकेच्या अंतरावर तुळशीबाग आणि मंडई, शिवाय दुकानांच्या वर आणि मागे राहणारी माणसं. इथं जागा वाढवता येत नाही. ती वाटून घ्यावी लागते, आणि या वाटणीचा नियम म्हणजेच पार्किंगचा नियम.

पुण्याचा जुना नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे : पी-१ आणि पी-२. पी-१ चा फलक असेल त्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. अरुंद रस्त्याची एक बाजू रोज मोकळी राहावी आणि सोय-गैरसोय दोन्हीकडच्या दुकानदारांच्या वाट्याला सारखी यावी, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम; त्यामुळे वर्षातून किमान सात वेळा एकाच बाजूला सलग दोन दिवस गाड्या राहतात. एवढा बारीक दोष सोडला तर हिशेब चोख आहे. पण गाडी कुठल्या बाजूला लावायची एवढंच हा नियम सांगतो. किती वेळ लावायची, हे सांगत नाही. मध्यवस्तीचं खरं दुखणं तिथं आहे.

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला पेठेतल्या कुठल्याही बाजाराच्या रस्त्यावर थोडा वेळ उभं राहून पाहा. गिऱ्हाईक अजून घरातून निघालेलंही नसतं. शटर उघडायला आलेला नोकर आपली दुचाकी दुकानासमोर लावतो, तीही मधल्या स्टँडवर, कुणी सरकवू नये म्हणून. सीट तापू नये यासाठी वर पुठ्ठा ठेवतो आणि पुठ्ठ्यावर विटेचा तुकडा. मग शेजारच्या दुकानातली मुलगी येते, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातले चौघं येतात, शेवटी मालकाची चारचाकी. ती येईपर्यंत तिच्या जागेवर रंगाचा रिकामा डबा उभा असतो : डब्यात सिमेंट, सिमेंटात रोवलेला पाइप, पाइपाला बांधलेली साखळी. साडेअकराला पहिलं गिऱ्हाईक येतं तेव्हा पट्टा पूर्ण भरलेला असतो आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत त्यातलं फारसं काही हलत नाही.

पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, ही दुकानदारांची तक्रार खरी आहे. पण ती जागा बाहेरच्या कुणी घेतलेली नसते. बाजारातच काम करणाऱ्या माणसांच्या गाड्या तिथं सकाळपासून उभ्या असतात. त्यात त्या नोकराला दोष देता येत नाही. बारा-पंधरा हजार पगाराच्या माणसाला दिवसभर गाडी ठेवायची स्वस्त सोय कुणी केलेली नाही आणि समोर फुकट जागा आहे. तो तिथंच लावणार.

आता हिशेब पाहू. रस्त्याच्या कडेला एका चारचाकीला साधारण पाच मीटर लांबी लागते. तेवढ्यात दुचाक्या काटकोनात लावल्या तर पाच तरी बसतात. दुकानं दहा तास उघडी धरली, तर दिवसभर उभी राहिलेली चारचाकी त्या पाच मीटरमध्ये एका माणसाची सोय करते. तिथं एका तासाची मर्यादा असेल तर दहा चारचाक्यांची सोय होते. अर्ध्या तासाच्या मर्यादेनं दुचाक्या लावू दिल्या तर शंभर जणांची. हा कागदावरचा आकडा आहे. जागा मधून मधून रिकामीही राहील आणि शंभराचे सत्तर होतील. तरीही एकीकडे एक आणि दुसरीकडे सत्तर. नवी इमारत नको, रस्तारुंदी नको. जागा तीच, फक्त ती किती वेळानं मोकळी होते एवढं बदललं.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत नेमकं हेच झालं होतं. तिथल्या मध्यवस्तीत काम करणारी माणसं सकाळी येऊन रस्त्याच्या कडेला गाड्या लावत आणि गिऱ्हाइकांना जागा उरत नसे. शहरातले वृत्तपत्र-संपादक कार्ल मॅगी यांच्याकडे व्यापाऱ्यांच्या संघटनेनं हा प्रश्न सोपवला आणि त्यातून जगातला पहिला पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी उभा राहिला. तासाला पाच सेंट. मीटर आधी रस्त्याच्या एकाच बाजूला लावले होते; तिथं गाड्या भराभर हलू लागल्या तेव्हा दुसऱ्या बाजूच्या दुकानदारांनीच आमच्याकडेही लावा अशी मागणी केली. आपल्याकडे शुल्क म्हणजे पालिकेची तिजोरी भरण्याचा मार्ग अशी समजूत पक्की आहे. शुल्काचा जन्म झाला तो मात्र गाडी वेळेत हलावी म्हणून.

शुल्क किती असावं, याचं सर्वांत समजूतदार उत्तर डोनाल्ड शूप यांनी दिलं. ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत, २०२५ मध्ये वारले. फुकट पार्किंगची समाजाला पडणारी किंमत हा त्यांच्या २००५ मधल्या जाडजूड पुस्तकाचा विषय. गर्दीच्या मध्यवस्त्यांत झालेल्या १६ पाहण्या त्यांनी एकत्र मांडल्या. त्यांत सरासरी ३० टक्के वाहतूक जागा शोधत फिरणाऱ्या गाड्यांची होती आणि जागा सापडायला सरासरी आठ मिनिटं लागत होती. या पाहण्या मुळात कोंडीच्याच ठिकाणच्या आहेत, त्यामुळे तो आकडा सरसकट कुठल्याही रस्त्याला लावू नये. त्यांचं सूत्र मात्र कुठंही वापरता येतं : शुल्क इतकंच ठेवा की सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील, म्हणजे येणाऱ्याला दर सात-आठ जागांमागे एक रिकामी मिळेल. सगळ्या जागा भरल्या तर शुल्क कमी पडतंय, निम्म्या ओस पडल्या तर जास्त होतंय.

पेठांमध्ये आपण याच्या बरोबर उलट वागतो. मंडईजवळ महापालिकेचे मिनर्वा आणि आर्यन हे वाहनतळ आहेत, नारायण पेठेत हमालवाडा आहे. तिथं पैसे मोजावे लागतात आणि रस्त्याच्या कडेला बहुतेक ठिकाणी काहीच नाही. अशा वेळी माणूस आधी रस्त्यावर दोन फेऱ्या मारतो आणि अगदीच नाइलाज झाला तर वाहनतळात शिरतो. रस्त्यावरची जागा महाग आणि वाहनतळ स्वस्त, असा क्रम लावल्याशिवाय बांधलेले मजले भरणार नाहीत. त्या नोकराला वाहनतळात महिन्याचा सवलतीचा पास द्यायला हवा. हा पास शुल्क लागू होण्याच्या आधी त्याच्या हातात पडला पाहिजे.

आणि पैसा जातो कुठं? अमेरिकेतल्याच पॅसाडीना शहराच्या जुन्या बाजारात १९९३ मध्ये मीटर आले तेव्हा तिथल्या दुकानदारांचाही विरोध होता. मीटरचं उत्पन्न याच बाजाराच्या पदपथांवर, दिव्यांवर, झाडांवर आणि सफाईवर खर्च करू, असा शब्द शहरानं दिला आणि पाळला. विरोध मावळला. लक्ष्मी रस्त्याच्या शुल्कातून लक्ष्मी रस्त्यावर स्वच्छतागृह उभं राहिलं, तर शुल्काला नाकं मुरडणारे निम्मे तरी कमी होतील, असं मला मनापासून वाटतं. बाजारात दोन-तीन तास हिंडणाऱ्या बायकांची आज त्यावाचून किती कुचंबणा होते, हे कुठल्याही घरात विचारा.

पुण्यात हे सगळं चर्चिलं गेलं नाही असं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं पार्किंग धोरण मंजूर केलं. गर्दीनुसार विभाग, तासानुसार शुल्क, अशी त्याची मांडणी. पण प्रस्तावात रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांनाही शुल्क होतं आणि शहर त्यावर पेटलं. रात्रीचं शुल्क वगळलं गेलं, दर खाली आले, आणि सगळ्या शहराऐवजी पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं. पुढे अंमलबजावणी वर्षानुवर्षं रखडली. माझ्या मते रात्रीच्या शुल्काला हात घालणं ही मोठी चूक होती. पेठांतले वाडे गाड्या नव्हत्या त्या काळातले. तिथल्या रहिवाशाला गाडी आत घ्यायला जागाच नाही आणि रात्री अकरानंतर त्याच्या गाडीमुळे बाजाराचं काही अडत नाही. भांडण दिवसाच्या जागेचं आहे, नियमही दिवसापुरताच हवा. रहिवाशाला पास, दिव्यांगांसाठी राखीव जागा, आणि माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळची ठरलेली वेळ, एवढं नियमात आधीच लिहिलेलं असेल तर विरोधाची धार बरीच बोथट होते.

नियम बदलण्याआधी मोजणी लागते, आणि ती अवघड नाही. दोन चौक ठरवायचे. मोजणारा दर अर्ध्या तासानं त्यांच्यामधून चालत जातो आणि कडेच्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे जागेनुसार लिहून घेतो. तेच आकडे किती फेऱ्यांत पुन्हा आले, यावरून गाडी किती वेळ उभी होती ते संध्याकाळी कळतं. एकदा मधल्या वारी, एकदा शनिवारी, एकदा दिवाळीच्या आधी. कॉलेजची चार मुलं हे काम करू शकतात. हा तक्ता हाती नसताना नियम बदलणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

आता अधिकार कुणाचा ते पाहू, कारण घोळ इथंच होतो. गाड्या कुठं उभ्या करायच्या हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ मध्ये आहे. तो राज्य सरकारचा किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचा, पण स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून वापरायचा. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात भर घातली : जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांच्या सुरक्षिततेला आणि वाहतुकीच्या सुरळीतपणाला प्राधान्य द्यावं. रस्ता वापरणाऱ्यांमध्ये चालणारी माणसंही येतात, हे विसरू नये. पुण्यात हा आदेश वाहतूक शाखेचे पोलिस उपायुक्त काढतात. आदेश बहुधा आधी तात्पुरता असतो, नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात आणि त्यांचा विचार करून अंतिम आदेश निघतो. शुल्क आणि ठेकेदार महापालिकेकडे, दंड पोलिसांकडे. या दोघांत मेळ नसेल तर आदेश एक सांगतो आणि खांबावरचा गंजलेला फलक दुसरंच. झाडाच्या फांदीआड गेलेल्या फलकाच्या जोरावर कुणाची गाडी उचलून नेणं हा अन्याय आहे. फलक आधी, दंड नंतर.

दंडाच्या रकमेवर फार बोललं जातं. मुंबईत ७ जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा पार्किंगसाठी पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड लावला गेला. वाहनतळ जवळ असेल तिथंच कडक राहायचं, ही त्यातली कल्पना बरोबर होती. पण महिन्यातून एकदा होणाऱ्या मोठ्या दंडापेक्षा रोज, हमखास होणारा पाचशेचा दंड माणसाची सवय लवकर बदलतो.

पेठांमध्ये या बदलाला आज पूर्वीपेक्षा बरे दिवस आहेत. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो मंडईत पोचली आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवायला सुरुवात झाली, आणि माणसं चालत आली.

तुमच्या गावात किंवा पेठेत पार्किंग बदलाचा तात्पुरता आदेश निघाला, तर तो वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येतो. तो कापून ठेवा. मुदतीच्या आत लेखी सूचना द्या आणि तीत तीन गोष्टी विचारा : मोजणी केव्हा झाली, किती वेळाची मर्यादा ठेवली आहे, आणि जमणारा पैसा कुठल्या रस्त्यावर खर्च होणार. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.