महाविद्यालयाची निवड : क्रमवारीपलीकडे सामाजिक वातावरणाची पारख कशी करावी?

नवी दिल्ली : प्रवेशाचे पसंतीक्रम भरताना विद्यार्थी आणि पालकांचे लक्ष प्रामुख्याने गुण, शुल्क व नोकरीच्या संधींवर असते. पुढील तीन-चार वर्षे कोणत्या सहाध्यायांसोबत आणि कोणत्या भाषिक वातावरणात काढावयाची, हा विचार बहुधा प्रवेश निश्चित झाल्यावर होतो. तोवर बदलाचे मार्ग अरुंद झालेले असतात. वास्तविक, याविषयीची बरीच अधिकृत माहिती आधीच उपलब्ध असते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या 'एनआयआरएफ' क्रमवारीची पहिली यादी २०१६ मध्ये जाहीर झाली. तिच्या पाच निकषांपैकी एक सर्वसमावेशकतेचा असून सर्वसाधारण गटात त्याला १० टक्के भारांक आहे. त्यासाठी संस्था सादर करीत असलेला तपशील त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. एकूण विद्यार्थ्यांत मुली किती, परराज्यांतील किती, सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास घटकांतील किती आणि शुल्कप्रतिपूर्ती किती जणांना मिळाली, हे त्यात नमूद असते. अंतिम क्रमांकापेक्षा हे आकडे वर्गाचे चित्र अधिक स्पष्ट करतात.

प्रवेशाचे नियमही हे चित्र घडवितात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला नागपूरच्या संस्थेत स्वभाषक सहाध्यायी सहज भेटतात. तिरुचिरापल्ली वा वारंगळ येथे तो परराज्यातील विद्यार्थी ठरतो. आयआयटीत असा राज्यनिहाय कोटा नाही. तेथे मुलींचे प्रमाण वाढविण्यासाठी २०१८ पासून अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या.

हा प्रश्न केवळ मन रमण्यापुरता मर्यादित नाही. उच्च शिक्षण संस्थांमधील आत्महत्या आणि मानसिक आरोग्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल स्थापन केले. रॅगिंगविरोधात विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम लागू असून १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी उपलब्ध आहे. संस्थेतील रॅगिंगविरोधी समिती, अंतर्गत तक्रार समिती, समान संधी कक्ष आणि समुपदेशक यांची नावे व संपर्क सहज सापडतात का, हे पाहणे उपयुक्त ठरते.

आकड्यांतून जे कळत नाही, ते प्रत्यक्ष भेटीत विचारावे लागते. प्रथम वर्षाला वसतिगृह मिळते का? मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी इंग्रजीचे पूरक वर्ग आहेत का? सुटीच्या काळात खानावळ सुरू असते का? आपल्यासारख्याच पार्श्वभूमीच्या वरिष्ठ विद्यार्थ्यांशी, शक्यतो प्राध्यापकांच्या अनुपस्थितीत, झालेला संवाद माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जातो.

अर्थात, आपल्यासारखेच सारे जेथे भेटतील तीच संस्था योग्य, असा याचा अर्थ नाही. वेगळ्या प्रदेशातील, भाषेतील वा आर्थिक स्थितीतील विद्यार्थ्याला तेथे बरोबरीची वागणूक मिळते का, हाच निवडीचा खरा निकष होय.