बीजलाख टिकली, तर कमाई गावात राहील

झारखंडमधील खुंटी, सिमडेगा, गुमला या जिल्ह्यांत मुंडा, उरांव व खडिया शेतकरी पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर लाख घेतात. लाखेचा कीटक कोवळ्या फांद्यांतील रस शोषून राळेसारखा पदार्थ स्रवतो, तीच लाख. रांचीजवळील नामकूम येथे १९२४ मध्ये या कीटकासाठी स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. तंत्र उपलब्ध आहे; प्रश्न ते झाडापर्यंत पोहोचण्याचा आहे.

पळस व बोरीवरील रंगीनी लाखेची वर्षात दोन पिके येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेले बैसाखी पीक जुलैमध्ये पक्व होते आणि त्याच्याच बीजलाखेवर कतकी पीक उभे राहते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत उन्हाने कीटक मरण्याची धास्ती असते, शिवाय खरिपासाठी पैसा हवा असतो. म्हणून अनेकजण अपक्व लाख, म्हणजे ‘अरी’, सरसकट काढून विकतात. पैसा हाती येतो, पण जिवंत कीटक संपतात. जुलैमध्ये तीच व्यक्ती बीजलाख विकत घेण्यासाठी बाजारात उभी असते.

यावर उपाय साधे आहेत. उन्हाची झळ कमी बसणारी काही झाडे जुलैपर्यंत राखावीत. झाडांचे दोन गट करून जुलैच्या लागवडीसाठी फेब्रुवारीत, तर ऑक्टोबरच्या लागवडीसाठी एप्रिलमध्ये छाटणी करावी. बीजलाखेच्या काड्या ६० मेश नायलॉन जाळीच्या पिशवीत भरून फांदीला बांधाव्यात; लाखेची सूक्ष्म पिल्ले जाळीतून बाहेर पडतात, पण लाख खाणारे युब्लेमासारखे पतंग आतच अडकतात. तीन आठवड्यांनी रिकाम्या काड्या, म्हणजे ‘फुंकी’, उतरवून त्यांवरील लाख खरवडून विकावी.

ही कौशल्ये दोन दिवसांच्या वर्गात येत नाहीत. छाटणी, लागवड, फुंकी उतरवणे व काढणी अशा चारही वेळी प्रशिक्षण झाडाखालीच व्हावे. गावातील दोन-चार तरुण-तरुणींनी शुद्ध बीजलाख निर्माण केली, तर शेजाऱ्यांचा बीजलाखेवरील खर्च गावातच फिरेल.

गोंदिया-गडचिरोलीतही पळस विपुल आहे. तेथील विस्तार कार्यकर्त्यांनी लाखेची शिफारस करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: जुलैमध्ये बीजलाख कोठून येणार?