वाहत्या पाण्याचे संरक्षण

सांडोरच्या केळीच्या वाडीतून पूर्वेस दृष्टी टाकली असता वसईच्या सपाट प्रदेशापलीकडे तुंगारेश्वराची डोंगररांग दिसते. पावसाळ्यात तिच्या कपारींतून धावणारे ओढे पाहण्यास माणसे लोटतात; परंतु या पाण्यावरही कायद्याचे छत्र आहे, हे त्यांतील फार थोड्यांस ठाऊक असते. २००३ साली तेथील सुमारे ८५ चौरस किलोमीटर वन अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २९ त्यास लागू झाले. या कलमान्वये अभयारण्यात येणारा वा तेथून बाहेर जाणारा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्यावाचून कोणास वळविता, अडविता वा वाढविता येत नाही. पशुपक्ष्यांच्या पंक्तीस पाण्यालाही बसविणारी ही तरतूद दूरदृष्टीची खरी. मात्र तिचा अंमल अभयारण्याच्या हद्दीपुरताच.

नदीचा प्रवाह हाच ज्याचा मुख्य विषय, असा कायदा अमेरिकेत २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने झाला. निवडलेल्या नद्या धरणांवाचून, मोकळ्या वाहत राहाव्यात, हा त्याचा हेतू. प्रारंभी आठ नद्यांना हे संरक्षण लाभले आणि २००९ साली यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानातून वाहणाऱ्या व्हर्जिन नदीचा त्यांत समावेश झाला.

ही नदी मरुप्रदेशातील आहे. आपल्या वसईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर तेथे जेमतेम चारशे. तिच्या घळईच्या भिंती वालुकाश्माच्या. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन हा खडक झाला, आणि पुराच्या लोंढ्याबरोबर येणाऱ्या वाळूने व धोंड्यांनी तो कापून काढला. कोठे भिंतींची उंची सहाशे मीटरांपर्यंत जाते, तर कोठे दोन्ही भिंतींतील अंतर अवघे सहा-सात मीटर उरते.

मग इतक्या अल्प पावसात नदीस बारमाही पाणी कोठून मिळते? उंचावरील बर्फ वितळून काही येते. बाकीचे खुद्द खडक पुरवितो. पठारावर पडलेले पाणी वालुकाश्माच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्यांतून खाली झिरपत जाते, आणि खालच्या कमी पाझर असलेल्या थरापाशी अडले, की आडवे सरकून कड्यातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. अशा झऱ्यांपाशी, माथ्यावर रखरखीत ऊन असतानाही, ओलसर भिंतीवर नेचे वाढतात. त्यांतील काही पाणी हजाराहून अधिक वर्षे खडकात राहिलेले असते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा नदीचे रक्षण म्हणजे केवळ पात्राचे रक्षण नव्हे. पाणी साठवून ठेवणाऱ्या भूमीचेही ते रक्षण होय.

वसईकरांस हा धडा परका नाही. तुंगारेश्वराचा काळा पाषाण वालुकाश्माइतके पाणी पोटात धरीत नाही. ते मुख्यतः भेगांतून मुरते, म्हणून तेथील ओढे पावसाळ्यात गर्जतात आणि पुढे क्षीण होतात. सखल भागात पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले खणून पावसाचे पाणी धरले आणि भूगर्भातील गोड्या पाण्यास आधार दिला. पुढे टँकरांनी विहिरींचे पाणी बेसुमार उपसले जाऊ लागले, पाण्यास खारटपणा येऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जनआंदोलन उभारले, ते याच कारणास्तव.

अभयारण्याच्या हद्दीबाहेर पाण्यास कलम २९ चा आश्रय नाही. तेथे गावकऱ्यांची जागरूकता हाच त्याचा आधार. ज्यांच्या वाडीत आजही बावखल आहे, त्यांनी ते बुजवू देऊ नये; आणि तुंगारेश्वराच्या ओढ्यास कोणी बांध घालताना दिसल्यास, परवाना कोणाचा, हा प्रश्न वनखात्यास लेखी विचारावा.