परदेशी शिक्षण : वावर विकण्याआधी चार प्रश्न



ऊस गेला, बिल जमा झाले, की घराघरांत हिशेब सुरू होतो. सोसायटीचे किती, खताचे किती, लग्नाचे किती. अलीकडे या हिशेबात एक नवे कलम आले आहे : पोराचे परदेशी शिक्षण. नागपूरला कुण्या एजंटाने रंगीत पुस्तिका दाखवलेली असते. पोरगं म्हणतं, "बाबा, सारेच चालले." मग बाप आपल्या वावराच्या धुऱ्यावर उभा राहून मनातल्या मनात भाव काढू लागतो. दोन एकर गेले तर काय होते?

काय होते ते आम्ही सांगतो. दोन एकर गेले की त्यातला ऊस गेला. ऊस गेला की कारखान्याचे सभासदत्वही नावापुरतेच उरते. शिवाय त्या जमिनीवर घरात राहिलेल्या भावाबहिणीचाही हक्क असतो. म्हणून हा विषय आम्ही या अंकात घेतला आहे. पोरांना परदेशी पाठवू नका असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पाठवा, पण नीट विचारून पाठवा.

शिक्षण आता आपल्या गडाच्या पायथ्याशी आले आहे. रामटेकला १९८५ साली कविकुलगुरू अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि १८ सप्टेंबर १९९७ रोजी कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. ज्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेले नव्हते, त्या घरात आता इंजिनीअर आहे. त्याची नजर पुढच्या पायरीवर जाणारच, आणि जावीच.

विदर्भाच्या शेतकऱ्याला ही वाट काही नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेले. एडिंबरोला त्यांनी संस्कृत घेऊन एम. ए. केले, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर डॉक्टरेट मिळवली आणि बॅरिस्टरही झाले. परत येऊन त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. संस्कृतच्या पदवीसाठी शेतकऱ्याचे पोर त्या काळी समुद्र ओलांडून गेले. आज ती सोय रामटेकला आहे. तेव्हा पहिला प्रश्न हाच :

१. जे शिकायचे ते इथे मिळत नाही काय?

इथे चांगले मिळत असेल तर बाहेर कशाला? इथे मिळत नसेल, किंवा तिथे ते जास्त चांगले असेल, तर जाण्यात अर्थ आहे. आपल्याच धंद्याचे पाहा. शेतीविद्येसाठी हॉलंडमधील वाखेनिंगेन विद्यापीठ जगात नावाजलेले आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्याच्या विद्यापीठाची ऑडुबॉन साखर संस्था केवळ ऊस आणि साखर याच कामाला वाहिलेली आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी अमेरिकेत गेले, तिथे शेतीचे शिक्षण घेतले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात मक्याचे संशोधक म्हणून नावारूपाला आले. पण पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ न पाहता थेट विमानाचे तिकीट काढणे म्हणजे घरची विहीर सोडून लोकाच्या पाटाला जाणे होय.

डॉक्टरीसाठी बाहेर जाणाऱ्यांनी तर दहा वेळा विचारावे. परदेशी एम. बी. बी. एस. करायचे तरी आधी इथली नीट परीक्षा पात्र व्हावी लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे तो अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच संस्थेत वर्षभर इंटर्नशिप असलेला हवा. परत आल्यावर परीक्षा द्यावी लागते ती वेगळीच. यातले एक कलम चुकले तर पदवी भिंतीला टांगण्यापुरतीच उरते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा आपली हजारो मुले अर्धे शिक्षण टाकून परतली, हे विसरू नये.

२. पोरगं तिथल्या वर्गात बसायला तयार आहे काय?

बेणे कच्चे असले तर खत कितीही ओता, उगवण होत नाही. प्रवेशाचेही तसेच आहे. जर्मनीचे उदाहरण घेऊ. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, म्हणून आपल्या मुलांचा ओढा तिकडे आहे. मात्र आपली नुसती बारावी तिथे सहसा पुरत नाही. त्यासाठी 'श्टुडिएनकोलेग' नावाचा वर्षभराचा पूर्वतयारी वर्ग असतो. त्यात भाषा, गणित, विज्ञान पक्के करून घेतात, शेवटी परीक्षा घेतात आणि मगच विद्यापीठात सोडतात. इंग्लंडमध्येही असे पायाभूत वर्ष असते. हे वर्ष वाया गेले असे समजू नये. ती नांगरट आहे. पण ते वर्ष आणि त्याचा खर्च हिशेबात धरला पाहिजे. एजंट नेमके तेच सांगायचे विसरतो.

जर्मनीसाठी एपीएस नावाचे कागदपत्र-तपासणीचे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून लागते. इंग्रजीतून शिकायचे तर बहुतेक ठिकाणी आयईएल्टीएससारखी परीक्षा मागतात. आणि शिकवणी इंग्रजीत असली तरी बाजारात, घरमालकाशी, दवाखान्यात जर्मनच चालते. तेव्हा भाषेची लागण निदान वर्षभर आधी करावी.

३. पैसा शेवटच्या पाण्यापर्यंत पुरेल काय?

उसाला पहिले पाणी सगळेच देतात. खरी परीक्षा उन्हाळ्यातल्या पाण्याची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. तिथून ते लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि एवढ्या बुद्धीच्या माणसाला शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. बाबासाहेबांनी ते जिद्दीने पुरे केले. प्रत्येकाला पुन्हा जायला मिळेलच असे नाही.

जर्मनीत फी नाही हे खरे, पण राहण्याखाण्याचे वर्षाचे पैसे आधीच बंद खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. रुपयांत दहा लाखांच्या वर गेली! बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात तर २०१७ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला १५०० युरो फीही आहे.

आता कर्जाचे. बँकांच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. चार लाखांपुढच्या परदेशी कर्जात १५ टक्के रक्कम घरची घालावी लागते. आणि इथेच शेतकरी अडतो. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. ती जप्त करून विकणे बँकेला सोपे नसते, म्हणून बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला सातबारा तारण घेत नाहीत. गावठाणातले घर, शहरातला प्लॉट, ठेव किंवा विमा पॉलिसी मागतात. कायदा शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आहे, पण परिणाम असा की पाच एकराचा धनी बँकेत रिकाम्या हाताचा ठरतो आणि सावकाराकडे किंवा विक्रीकडे वळतो. तिकडे वळण्याआधी एवढे करा :

पहिले, शिष्यवृत्त्या पाहा. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, इतर मागास, भटके-विमुक्त, मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठीही वेगवेगळ्या योजना आहेत. जागा थोड्या, जगात वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठात प्रवेश हवा, आणि उत्पन्नाच्या अटी बदलत असतात. म्हणून दरवर्षीची जाहिरात पाहावी आणि समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. याशिवाय जर्मनीची डाड, युरोपची इरॅस्मस मुंडुस, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू यांचेही अर्ज निघतात. मुंबईचा जे. एन. टाटा निधी १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. त्याच्या पहिल्या दोन मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. मुलगी आहे म्हणून मागे ठेवणाऱ्यांनी हे साल पुन्हा एकदा वाचावे.

दुसरे, कागद. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि मागील तीन हंगामांची ऊस बिले एका फायलीत लावून ठेवा. शेतकऱ्याची मिळकत कागदावर दिसत नाही, असे बँकवाले म्हणतात. आपली ऊस बिले ती दाखवतात.

४. पहिले सहा महिने पोराचा हात कोण धरणार?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि पुष्कळ पोरं इथेच मोडतात. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर यांनी त्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेतले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी पाठीशी उभे राहून शिकवले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. तरीही तिथली थंडी आणि खाण्याचे हाल प्रकृतीला सोसले नाहीत. १८८७ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात वारल्या. आधार असूनही इतके कठीण. आधार नसेल तर काय?

आता चांगल्या विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांसाठी पुष्कळ सोयी असतात. पहिल्या आठवड्यात सगळी ओळख करून देतात. परदेशी विद्यार्थ्यांचे वेगळे कार्यालय असते, निबंध कसा लिहावा हे शिकवणारे केंद्र असते, सल्लागार शिक्षक नेमलेला असतो, मन खचले तर बोलायला समुपदेशक असतो. पण आपली पोरं लाजतात. "विचारलं तर अडाणी समजतील" म्हणून गप्प बसतात. त्यांना घरूनच बजावून पाठवा : तिथे विचारणे हा कमीपणा नाही. आणखी एक. गाइडातून उतरवून काढायची सवय इथेच सोडावी. दुसऱ्याचे वाक्य नाव न देता लिहिले तर तिथे ती चोरी धरतात आणि नावही काढून टाकू शकतात.

आणि आपणही कोणासाठी तरी परके गाव आहोतच. १९३८ च्या सुमारास 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थी काढून टाकले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. तेच पुढे १९८४ आणि १९८९ साली आपल्या रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले आणि १९९१ साली पंतप्रधान झाले. आलेल्या पोराला जागा देणे कधी वाया जात नाही. आज रामटेकला बाहेरगावचे विद्यार्थी खोली करून राहतात. त्यांना भाडेकरू समजू नका, कुणाच्या तरी वावरातून आलेले पोर समजा. आपले पोर परमुलखात जाईल तेव्हा असाच कोणी भेटावा, ही इच्छा आपली आहेच ना?

सारांश, हे चार प्रश्न घरात सर्वांसमोर बसून विचारा. आईला आणि बहिणीलाही बसवा. चारही उत्तरे कागदावर लिहून काढा. एकाही उत्तराच्या जागी "एजंट म्हणतो" एवढेच असेल तर वावराचा सौदा करू नका. एक वर्ष थांबलात तर पोराचे काही बिघडत नाही. खोडवा पुढच्या साली फुटतो, विकलेले वावर मात्र परत फुटत नाही.

ज्या सभासदांची मुले-मुली बाहेर शिकून आली आहेत, त्यांनी येत्या वार्षिक सभेच्या दिवशी तासभर आधी यावे आणि इतरांना खरे-खोटे सांगावे, अशी आमची विनंती आहे. एजंटाच्या पुस्तिकेपेक्षा शेजारच्या शिवारातल्या पोराचा अनुभव केव्हाही मोलाचा.