थडगी राखणारा म्हातारा

भुताची गोष्ट अंगावर येणार की नाही, हे ती सांगणाऱ्यावर ठरतं. आपल्याकडे विक्रमाच्या खांद्यावरून खुद्द वेताळच बोलतो. न्यूयॉर्कच्या ईसी कॉमिक्सनं १९५० साली हे काम विस्कटलेल्या पांढऱ्या केसांच्या एका म्हाताऱ्याकडे सोपवलं. क्रिप्ट-कीपर, म्हणजे तळघरातली थडगी राखणारा. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' हे त्याचं कॉमिक, किंमत १० सेंट. आणखी दोन निवेदक, व्हॉल्ट-कीपर आणि ओल्ड विच ही चेटकीण, यांची कॉमिक्स वेगळी, पण तिघंही एकमेकांच्या अंकांत घुसून एकमेकांची टर उडवायचे.

विल्यम गेन्स मालक, अल फेल्डस्टाइन लेखक-संपादक. रात्री झोप लागत नसे म्हणून गेन्स वाचत पडायचा आणि सकाळी कथाबीजं घेऊन यायचा. फेल्डस्टाइन मजकूर थेट चित्राच्या बोर्डावरच लिहायचा. मग खाचांच्या पट्टीवरून अक्षरं गिरवली जायची, आणि चित्रकाराच्या हाती पान पडायचं तेव्हा चौकटीचा मोठा भाग शब्दांनी आधीच अडवलेला असायचा. उरलेल्या जागेत त्यानं भीती बसवायची.

ती बसवावी ग्रॅहम इंगल्सनंच. माझ्या लेखी ईसीचा सगळ्यात थोर चित्रकार तोच. ओल्ड विच त्याच्या हातची: एक डोळा बटबटीत बाहेर आलेला, केसांच्या झिंज्या, उघड्या तोंडात लाळेचे धागे. त्याच्या चित्रांत भिंतीसुद्धा कुजत चालल्यासारख्या दिसतात. सही करायचा 'गास्टली', म्हणजे भेसूर.

गोष्टींचा साचा ठरलेला. कुणी पैशासाठी खून करतो, मेलेला चिखल निथळत परत येतो. पण शेवटच्या चौकटीत म्हातारा हजर! शब्दांवर कोट्या करत, खिदळत तो पोरांना निरोप देतो. प्रेतापाशी वाचणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, हे त्याचं खरं काम. मला हे फार मायेचं वाटतं.

अशी कॉमिक्स पोरांना बिघडवतात का, याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे २१ एप्रिल १९५४ रोजी गेन्स स्वतःहून साक्षीला गेला. सिनेटर केफॉव्हर यांनी ईसीच्याच 'क्राइम सस्पेन्सस्टोरीज'चं एक मुखपृष्ठ समोर धरलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात बाईचं तोडलेलं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का? भयकथेच्या मुखपृष्ठाला आहे, असं गेन्स म्हणाला आणि तिथंच फसला. 'क्रिप्ट'च्या मुखपृष्ठांवर डावीकडे तीन गोलांत तिन्ही निवेदकांचे चेहरे असत. या चित्रावर तसं कुणीच नव्हतं, नुसतं मुंडकं होतं.

त्याच वर्षी प्रकाशकांनी आचारसंहिता केली. 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द नावांतून हद्दपार झाले. १९५५च्या सुरुवातीला ४६ क्रमांकाचा अंक काढून 'क्रिप्ट' बंद पडलं. इंगल्स पुढे फ्लोरिडात चित्रकला शिकवू लागला. ईसीबद्दल बोलणं त्यानं वर्षानुवर्षं टाळलं.