आजाराआधीचे दोन आठवडे

२०२० साली ब्रिटनमधल्या रुग्णालयांत करोनाचे वृद्ध रुग्ण येऊ लागले, तेव्हा डॉक्टर घरच्यांना एक साधा प्रश्न विचारत: दोन आठवड्यांपूर्वी आजी कशा होत्या? जिना चढायच्या? आंघोळ आपली आपण करायच्या? उत्तरावरून दुर्बलतेच्या १ ते ९ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर त्यांची जागा ठरे. ही पट्टी मूळची कॅनडातल्या केनेथ रॉकवूड यांची. ब्रिटन आणि इटलीतल्या दीड हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा कोण तगेल याचा अंदाज वय आणि जुन्या आजारांपेक्षा या पट्टीनेच अधिक चांगला दिला!

विषाणू शिरतो फुप्फुसात. त्याचा जिन्याशी काय संबंध? उत्तर बरंचसं मांडीत आहे. आपले स्नायू म्हणजे अडीअडचणीला मोडायची ठेवच. संसर्ग झाला, भूक मेली, की शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडतं. त्यातून सुटलेली अमिनो आम्लं यकृताला आणि लढणाऱ्या पेशींना पुरवतं. उठण्या-बसण्याला दुसऱ्याचा हात लागणाऱ्या माणसाकडे ही शिल्लक आधीच थोडी असते. त्यात अंथरूण धरलं की ती आणखी झपाट्याने आटते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं. ताप नाही, खोकला नाही. तरी पायांतलं जवळपास एक किलो मांस झडलं.

गेलेली ताकद परत कशी येते, याबाबत मला सर्वांत थक्क करतं ते अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ यांचं निरीक्षण. क्लीव्हलँडमध्ये त्यांनी वृद्ध रुग्ण बारकाईने पाहिले आणि १९६३ मध्ये सहा कामांची यादी मांडली: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवणं. बरं होताना घास तोंडापर्यंत नेणं आधी जमतं, मग उठणं, शौचाला जाणं. कपडे आणि आंघोळ सर्वांत शेवटी. तान्हं मूल ज्या क्रमाने शिकतं, साधारण त्याच क्रमाने!

म्हणून ताप उतरला की आजार संपला, असं आजी-आजोबांच्या बाबतीत मानू नये. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथे तऱ्हेतऱ्हेच्या आजारांनी दाखल झालेल्या, सरासरी ८७ वर्षांच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. नेहमीचे उपचार मिळालेले रुग्ण घरी जाताना आलेल्या दिवसापेक्षा अधिक परावलंबी होते. दुसऱ्या गटाकडून काही दिवस, सकाळ-संध्याकाळ, चालणं, तोल सांभाळणं आणि पायांचे व्यायाम करून घेतले होते. ते आले त्याहून थोडे सुधारूनच घरी गेले.